वाचकांचे प्रश्न : ‘पुढे न्या’ म्हणण्याआधी

सरकारी दवाखान्यांविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांनी केंद्रांची आणि डॉक्टरांची नावे लिहिली होती. दुसरी बाजू ऐकलेली नसल्यामुळे ती येथे गाळली आहेत.

प्रश्न : भातकापणी चालू असताना माझ्या धाकट्या जावेच्या हाताला फुरसे चावले. भारा उचलताना ते पेंढ्याखालून निघाले, दिरांनी स्वतः पाहिले. अर्ध्या तासात आम्ही तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि ‘पुढे न्या, इथे रिस्क नको’ असे सांगितले. गाडी मिळवून रत्नागिरीला पोहोचेपर्यंत पावणेतीन तास गेले आणि वाटेत तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. ती वाचली, पण ‘लस तिथेच का नाही दिली?’ असे मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हालाच विचारले. सर्पदंशाची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायची असते की नसते?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : ताई, द्यायची असते. विषबाधेची लक्षणे दिसत असतील, तर रुग्ण पुढे पाठवण्याआधी लसीची पहिली मात्रा तेथेच सुरू करायची असते. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रित चालते. त्यामुळे साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणण्यात कोणीही वेळ घालवू नये. (चापडा मात्र या चारांत येत नाही आणि त्याच्या विषावर ही लस काम करत नाही, हे आंबोलीकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावे, दवाखान्यात मात्र तरीही जायचेच.)

फुरशाचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, म्हणूनच आपल्या जाऊबाईंच्या हिरड्यांतून रक्त आले. हे ओळखण्याची चाचणी इतकी साधी आहे की तिला ना यंत्र लागते, ना वीज. रुग्णाचे सुमारे २ मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची आणि मग अलगद कलती करून पाहायची. रक्ताची गुठळी होऊन ते जागच्या जागी राहिले तर ठीक; पाण्यासारखे वाहिले तर लस सुरू करायची. लहान मूल असो वा मोठे माणूस, पहिली मात्रा सारखीच, ८ ते १० कुप्यांची, सलाईनमधून सुमारे तासाभरात दिली जाते. कारण साप चावताना माणसाचे वय पाहून विष सोडत नाही. त्यानंतर सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करायची आणि रक्त तरीही गोठत नसेल तर लस पुन्हा द्यायची. रक्त गोठत नसताना स्नायूत इंजेक्शने टोचणे शक्यतो टाळतात, म्हणजे धनुर्वाताच्या इंजेक्शनाचीही त्या क्षणी घाई नव्हती.

या नळीची एक आठवण मी अजून विसरलेलो नाही. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात माझ्या केंद्रात रात्री एक पंधरा वर्षांचा मुलगा आणला गेला. साप कोणी पाहिला नव्हता, पायावर दोन ठिपके होते. नळीत रक्त घेतले, कंदिलाच्या उजेडात वीस मिनिटे मोजली, नळी कलती केली, तर रक्त सरळ वाहिले. मी कुप्या फोडायला घेतल्या, तेव्हा मागे उभे असलेले वयस्कर कंपाउंडर म्हणाले, ‘डॉक्टर, दुसऱ्या नळीत जरा तुमचं रक्त घालून बघूया का?’ वीस मिनिटांनी माझेही रक्त गोठले नव्हते. नळ्या साबणाने धुऊन पुन्हा वापरात आणलेल्या होत्या, आणि काचेवर साबणाचा अंश राहिला तर निरोगी माणसाचे रक्तही त्यात गोठत नाही. कपाटाच्या तळाशी दोन कोऱ्या नळ्या सापडल्या. त्यांत मुलाच्या रक्ताची गुठळी नीट झाली. त्याला दिवसभर देखरेखीखाली ठेवून, चाचणी पुन्हा पुन्हा करून, दुसऱ्या दिवशी लसीशिवाय घरी पाठवले. केंद्रात लस आहे की नाही हे सगळेच विचारतात. कोऱ्या काचेच्या नळ्या आहेत की नाहीत हे मी आजवर एकाही तपासणी पथकाला विचारताना ऐकले नाही.

आता त्या तरुण डॉक्टरांविषयी. त्यांनी केले ते चूकच होते, पण ते का झाले हे मला ठाऊक आहे. ही लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते आणि काही रुग्णांना तिची तीव्र प्रतिक्रिया येते : अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब घसरतो. त्यावर अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हा उपाय आहे आणि ते लस सुरू करण्याआधीच सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचे असते. परंतु बंधपत्राच्या (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या) एका वर्षासाठी आलेला, रात्री एका परिचारिकेच्या किंवा नुसत्या शिपायाच्या सोबतीने केंद्रात बसलेला डॉक्टर वेगळा हिशेब करतो : रुग्ण माझ्या टेबलावर दगावला तर वाडी माझ्या अंगावर येईल, वाटेत दगावला तर कोणी येणार नाही. आपल्याकडच्या निम्म्या ‘पुढे न्या’मागे हाच हिशेब असतो, असे एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर माझे मत झाले आहे. दवाखान्यात आरडाओरडा करणारे नातेवाईक पुढच्या रुग्णाचा एक तास वाया घालवतात, हेही कटू वाटले तरी लिहिणे भाग आहे.

आणि तरीही कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय होऊ शकते, याचे उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत असत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून रात्र-रात्र नाडी आणि रक्तदाब टिपला आणि रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा या दंशावर उपयोग होतो हे दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताशी साधने मोजकीच होती; रुग्ण पुढे न पाठवता त्याच्याजवळ बसण्याची तयारी मात्र होती.

पुन्हा अशी वेळ आली तर (ती न येवो) दंश झालेला हात वा पाय हलू देऊ नका, आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मुळी उगाळून पाजणाऱ्याकडे जाऊ नका आणि १०८ ला लगेच फोन करा. केंद्रात शांतपणे तीन गोष्टी विचारा : वीस मिनिटांची चाचणी केली का, लस शिल्लक आहे का, आणि पुढे पाठवायचे असल्यास संदर्भ चिठ्ठीवर दंशाची वेळ, चाचणीचा निष्कर्ष व दिलेल्या कुप्यांची संख्या लिहिली आहे का. ‘लस शिल्लक नाही’ असे उत्तर मिळाले तर तेही चिठ्ठीवर लिहून मागा. त्या एका ओळीसाठी डॉक्टरांना कपाट उघडून पाहावे लागते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना छातीत कळ आल्यावर आम्ही त्यांना बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, नेले, कारण आमच्या गावाहून तेच जवळ. पूर्वी तेथे सर्व मोफत होत असे. आता आम्हाला पैसे भरावे लागले. आमच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे. पाच लाखांची योजना असताना असे का?
— एक वाचक, दोडामार्ग तालुका

उत्तर : गोवा वैद्यकीय महाविद्यालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावण्यास जानेवारी २०१८ मध्ये सुरुवात झाली आणि त्या वेळी दोडामार्गात मोठे आंदोलनही झाले होते. दोडामार्गच्या माणसाला बांबोळी दुसऱ्या राज्यात आहे हे आजारपणात आठवत नाही. ते आठवावे अशी अपेक्षा करणेही मला क्रूरपणाचे वाटते. पण गोव्याच्या करदात्याने सिंधुदुर्गाचे रुग्णालय चालवावे, अशी आपली वर्षानुवर्षांची सोय होती, हेही खरे आहे. जिल्हा होऊन चाळीस वर्षे उलटल्यावर, २०२१ मध्ये, आपल्याला आपले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले.

योजनेविषयी सांगायचे तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, म्हणजे केशरीच काय, पांढऱ्या शिधापत्रिकेलाही, आणि कुटुंबामागे वर्षाला मर्यादा ५ लाख रुपयांची आहे. मात्र ती तीन अटींनी बांधलेली आहे, आणि बहुतेक तक्रारी तेथेच उगवतात. रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे सामील करून घेतलेले, असले पाहिजे, उपचार ठरलेल्या यादीतला असला पाहिजे, आणि रुग्ण दाखल असला पाहिजे. बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्या व महिनोन्‌महिने घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनीसाचे, टेबल असते. दाखल होताच, पैसे भरण्याआधी, घरातल्या एका माणसाने शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन तेथे जावे. तातडीच्या वेळी कागद हाताशी नसले तरी आरोग्यमित्राला तसे सांगून नोंद करून घेता येते आणि कागद मागाहून देता येतात. बिल भरून झाल्यावर योजना आठवली तर परतावा मिळवणे फार अवघड जाते. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्डही निघते. सासऱ्यांचे वय बसत असेल तर ते आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवा.

प्रश्न : आमच्या ग्रामीण रुग्णालयाची इमारत सुंदर आहे, शस्त्रक्रियागृह आहे, पण सुनेला कळा सुरू झाल्यावर ‘सिझर लागेल, भूलतज्ज्ञ नाहीत’ म्हणून तिला चिपळूणला पाठवले. बाळंतीण घरी आणताना खासगी गाडीला २,८०० रुपये मोजले. याचा जाब कोणाला विचारायचा? जिल्हा परिषद सदस्य म्हणतात, ते आमच्या हातात नाही.
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : सदस्यांनी खरेच सांगितले. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये राज्य शासनाच्या जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. त्यांच्यावर आरोग्य उपसंचालक. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ते घाटापलीकडे कोल्हापूरला बसतात, रायगडसाठी ठाण्याला. आपली तक्रार शल्य चिकित्सकांच्या नावे करावी.

भूलतज्ज्ञ नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ असून नसल्यासारखा, आणि दोघांपैकी एकाची बदली झाली की शस्त्रक्रियागृहाला कुलूप लागते. तालुक्याला तज्ज्ञ का टिकत नाही, याची कारणे ‘डॉक्टरांना सेवाभाव उरला नाही’ या एका वाक्यात मावत नाहीत. गळके निवासस्थान, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि वर्षातले ३६५ दिवस एकट्याने कॉलवर राहण्याची धास्ती, ही कारणे मी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत. एका रुग्णालयात एक भूलतज्ज्ञ नेमण्यापेक्षा दोन-तीन तालुक्यांमागे एका ठिकाणी दोन भूलतज्ज्ञ, दोन स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असा संच ठेवून तेथवर गाडीची पक्की सोय करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक आमदाराला आपल्या तालुक्यात पाटी हवी असते, त्यामुळे ते होत नाही.

२,८०० रुपये मात्र आपल्या खिशातून जायला नको होते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझर झाले तरी, औषधे, रक्त व आहारासह मोफत आहे. घरून रुग्णालयात, तेथून मोठ्या रुग्णालयात आणि बाळासह परत घरी आणणारी गाडीही या कार्यक्रमात येते. त्यासाठी १०२ क्रमांक आहे. घरी सोडण्याची गाडी आपण मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. रजेचा कागद हाती पडण्याच्या आदल्या दिवशी परिचारिकेला सांगून ठेवावे लागते.

लेखी माहिती हवी असल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, कारण आपल्या राज्याचा नियमच तसा आहे. ‘भूलतज्ज्ञ का नाही?’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर येत नाही. मंजूर पदे किती, भरलेली किती, भूलतज्ज्ञाचे पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे आणि गेल्या बारा महिन्यांत किती गरोदर स्त्रिया पुढे पाठवल्या, एवढेच विचारा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. ते आले की त्याची एक प्रत आमच्याकडेही पाठवा.