तिघांसाठी एकच चेकलिस्ट?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मुलांसोबतचे वर्तन-विश्लेषणाचे काम शिकणाऱ्या, हाताखालच्या तिन्ही प्रशिक्षणार्थींना तू एकच चेकलिस्ट दिलीस, एकाच बैठकीत सारखाच फीडबॅक दिलास. त्यातला एक सुधारला, दुसरी आहे तिथेच आहे आणि तिसरा आता तुझा फोनही टाळतो. मग चुकते कोण, असे तू विचारतेस. तिघांची सेशन्स तू शेजारी बसून किती वेळा पाहिलीस, याबद्दल मात्र एवढ्या लांबलचक पत्रात एक ओळ नाही.

आधी पाहा. राजारामपुरीतील एका घरी डेटा शीटप्रमाणे मुलगा दहापैकी नऊ वेळा योग्य चित्र उचलत होता, आईने विचारले की एकदाही नाही. आई सराव घेत नाही, असा शेरा प्रशिक्षणार्थीने लिहून ठेवला होता. मी कोपऱ्यात बसून पाहिले, तर 'भाकरी दाखव' म्हणता म्हणता त्या प्रशिक्षणार्थीची स्वतःची नजर भाकरीच्या चित्राकडे जात होती आणि मुलगा त्या नजरेमागे हात नेत होता. हे डेटा शीटवर कसे दिसणार? शीट भरणारी तीच होती.

पाहिल्याखेरीज चुकीचे कारणही कळत नाही. माझ्याकडचे दोन प्रशिक्षणार्थी मुलाला विचार करायला वेळ न देता त्याचा हात धरून चित्रावर ठेवत होते. एकाला प्रॉम्प्ट, म्हणजे उत्तरासाठी मुलाला दिलेली मदत, हळूहळू कमी कसा करायचा हेच ठाऊक नव्हते. त्याला सांगितले, करून दाखवले, रोल-प्लेमध्ये करून घेतले, लगेच फीडबॅक दिला, आणि त्याचे काम मार्गी लागले. दुसरीला ही सगळी पद्धत तोंडपाठ होती, पण मूल रडले की दारात बसलेली आजी 'नका गं छळू लेकराला' म्हणायची, आणि ते ऐकावे लागू नये म्हणून तिचा हात पुढे जात होता. तिला तीच चेकलिस्ट पुन्हा वाचायला देणे म्हणजे तिचा अपमान करणे होते. तिथे आजीशी बोलण्याची गरज होती, आणि त्या बोलण्याचीच तालीम आम्ही केली. मुलाच्या प्रत्येक वागण्यामागे 'यातून त्याला काय मिळते' असे विचारणारी आपण माणसे, प्रशिक्षणार्थीला मात्र बेधडक 'आळशी' म्हणून मोकळी होतो. याचा मला मनस्वी राग येतो.

नियमांचा आधार मला सांगू नकोस. वर्तन-विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतील मंडळाने 2023 पासून भारतातील नव्या उमेदवारांना दार बंद केले, त्यामुळे तुझे तिघे दुसऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र घेतील. पण त्या मंडळाच्या 2000 तासांच्या प्रत्यक्ष कामाच्या नियमातही देखरेख निदान 5 टक्के तासांवर लागते आणि त्यातली निम्म्यापर्यंत गटात चालते. ही किमान मर्यादा आहे. ती गाठली म्हणजे देखरेख झाली, असे मानणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडून दिले आहे.

मी मोजकेच प्रशिक्षणार्थी घेते आणि न पाहिलेल्या तासांवर सही करत नाही, म्हणून माझ्यावर अडवणुकीचा आरोप होतो. एक अतिशय हुशार मुलगी याच कारणावरून रागावून पुण्याला गेली. तिने पुन्हा संपर्क ठेवला नाही, याची मला खंत आहे. तरीही तशी सही मी आजही करणार नाही, कारण त्या सहीच्या भरवशावर कोणीतरी आपले मूल तिच्या हाती सोपवणार होते.

गडहिंग्लजला दर आठवड्याला जाणे जमत नाही, हे मला मान्य आहे. पालकांची लेखी संमती घेऊन व्हिडिओ मागव. पण महिन्यातून एकदा तरी एसटीने स्वतः जा. सुरुवात त्या तिसऱ्यापासून कर. चेकलिस्ट घरी ठेव, सेशन संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस, आणि नंतर त्याला आधी विचार की कोणता फीडबॅक त्याच्या उपयोगी पडला आणि कोणता नुसताच टोचला. मग मला लिही. तुझे मत नको. त्याने काय केले, मुलाने काय केले आणि लगेच पुढे काय घडले, एवढेच क्रमाने लिही.

तुझी,
मॅडम
कोल्हापूर