वाचकांचे प्रश्न : सापडलेला लोड पुन्हा का जमत नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे 6.5 क्रीडमूर काडतुसाची शिकारी रायफल आहे. परवाना आणि शिकारीची परवानगी रीतसर आहे, काडतुसं घरी भरतो. 140 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळी घेऊन दारूचं माप 0.3 ग्रेनने वाढवत नेलं आणि प्रत्येक मापाची तीन-तीन काडतुसं झाडली. एका मापाला 100 यार्डांवर 0.4 इंचाचा गट (सगळ्यात लांबच्या दोन भोकांतलं अंतर) आला. आनंदाने त्याच मापाची पन्नास काडतुसं भरली, तर पुढच्या आठवड्यात गट 1.3 इंच! मग गोळी बसवायची खोली बदलली, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) बदलला. दीडशे काडतुसं संपली, पण तो लोड, म्हणजे गोळी-दारूचा जमलेला मेळ, काही परत सापडत नाही. काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या पत्रातली ओळन् ओळ मी जगले आहे. पहिली तीन वर्षं मीही असाच एका गटाचा पाठलाग केला. मग एका पावसाळी दुपारी, रेंज बंद असताना, जुने दहा टार्गेट-कागद काढले. या सगळ्या काळात स्कोपला हात लावलेला नव्हता. एकेक कागद खिडकीच्या काचेवर धरला, वर बटर पेपर ठेवला, नेमाचा ठिपका जुळवला आणि भोकं उतरवून घेतली. वहीत ‘उत्तम’ शेरा मारलेल्या मापांची भोकं लाल पेन्सिलीने, ‘टाकाऊ’ मापांची निळीने. तीस भोकं झाल्यावर बघते, तर लाल आणि निळी एकमेकांत पूर्ण मिसळलेली. दीड इंचाच्या वर्तुळात कुठला ठिपका चांगल्या लोडचा आणि कुठला वाईट, हे रंग नसते तर मला ओळखता आलं नसतं.

तुमचं तेच झालंय. लोड तोच आहे, तीन गोळ्यांनी त्याचं खरं रूप दाखवलं नाही. ज्या रायफलीचा तीन गोळ्यांचा गट सरासरी एक इंच पडतो, तिचा पाच गोळ्यांचा गट सव्वा इंचाच्या आसपास आणि दहाचा दीड इंचाहून थोडा जास्त भरतो. शिवाय, काहीही न बदलता, तिचे तीन गोळ्यांचे गट 0.6 पासून 1.4 पर्यंत सहज हेलकावतात, कधी त्याच्याही बाहेर जातात. तुमचे 0.4 आणि 1.3 एकाच घरातले आहेत. चाळीस-एक ग्रेन दारूत 0.3 ग्रेन म्हणजे एक टक्काही नाही. एवढ्याशा फरकाचा परिणाम तीन भोकांत दिसेल, ही अपेक्षाच धरू नका.

आता काय करायचं? आधी दारूचा डबा बाजूला ठेवा आणि रायफल तपासा. स्कोपच्या माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने नेमके आवळा, स्कोपचा पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) काढा. माझा एक अख्खा हंगाम माउंटच्या एका ढिल्या स्क्रूने खाल्ला, आणि मी मात्र दारूला दोष देत बसले होते.

मग गोळी निवडा. शिकारीसाठी ती आधी जनावराच्या दृष्टीने योग्य हवी : तुम्ही मारणार त्या अंतरावरही ती नीट फुलायला हवी. त्यासाठी किमान किती वेग लागतो ते गोळी बनवणारा सांगतो. नळीचा ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) त्या गोळीला पुरतो का, तेही बघा. छापील मॅन्युअलमधलं सुरुवातीचं माप घ्या, जास्त दाबाच्या खुणांवर (त्या पुढच्या उत्तरात आहेत) लक्ष ठेवत चढा, आणि कमाल मापाच्या बऱ्यापैकी खाली, हवा तो वेग मिळाला की थांबा. त्या एका मापाची वीस काडतुसं भरा. नळी तापू न देता सगळी एकाच नेमावर झाडा, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून. वीस भोकांचा गट पसंत पडला नाही, तर दारूचा किंवा गोळीचा प्रकारच बदला. दोन दशांश ग्रेन इकडे-तिकडे करून नाठाळ जोडी सरळ होत नाही, हा माझा अनुभव आहे.

क्रोनोग्राफ कशासाठी, तर लांबच्या अंतरासाठी. तुमची गोळी सेकंदाला 2700 फुटांनी निघत असेल, तर वेगातला 30 फुटांचा फरक 100 यार्डांवर कागदावर दिसतही नाही. 500 यार्डांवर तोच साधारण दीड इंच वर-खाली होतो. म्हणून तराजू नीट वापरा, पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) एकाच कंपनीच्या आणि सारख्याच वेळा भरलेल्या घ्या, गोळी धरणाऱ्या त्यांच्या मानेची पकड एकसारखी ठेवा. वाऱ्याचं गणित मात्र याहून मोठं आहे. त्याच 500 यार्डांवर आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी दोन मैलांनी चुकला, तर गोळी सुमारे तीन इंच सरकते. पाव इंचासाठी जाळलेल्या दीडशे काडतुसांतली शंभर तुम्ही वाऱ्यात, पालथं पडून झाडली असतीत, तर मला जास्त आनंद झाला असता.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जवळचं आहे. जनावर समोर येतं तेव्हा नळी थंड असते आणि गोळी एकच असते. दहा वेगवेगळ्या दिवशी रेंजवर जाऊन पहिली गोळी एकाच कागदावर मारा, तो कागद जपून ठेवा. त्या दहा भोकांचं वर्तुळ ज्या अंतरावर जनावराच्या मर्मस्थानात आरामात मावतं, तिथपर्यंतच तुमची हद्द. त्यापलीकडचं जनावर जाऊ द्यावं. जखमी होऊन रात्रभर फिरणारं हरीण एकदा शोधलंय मी. सकाळी सापडलं. ते अजून विसरले नाही.

प्रश्न : ओळखीच्या एका अनुभवी शिकाऱ्याने त्याचं माप दिलंय. रायफल त्याच कॅलिबरची आहे. थेट तेच भरू का?

उत्तर : नको. त्याचं चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) वेगळं, पुंगळीची जाडी वेगळी, दारूचा लॉटही वेगळा. त्याच्याकडे सुखाने चालणारं माप तुमच्याकडे धोक्याचा दाब देऊ शकतं. सुरुवात छापील मॅन्युअलच्या खालच्या मापापासूनच करा. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उचलायला जड गेला, प्रायमर चपटा झाला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उमटला, तर तिथेच थांबा. खुणा दिसल्या नाहीत म्हणजे दाब कमी आहे असं मात्र समजू नका. मॅन्युअलचं कमाल माप ओलांडायचं नाही. आणि अशा खुणा दिसलेल्या मापाची भरून ठेवलेली बाकीची काडतुसं ‘संपवून टाकू’ म्हणून झाडू नका. हातोडीसारखा बुलेट पुलर मिळतो, त्याने एकेक उघडा आणि पुन्हा कमी मापाने भरा.