गिरची बीजं काढायची, पण केळीच्या पैशातून किती?

रावेर तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न: मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या) केळीचे 4 लाख हाती आलेत. घरची गिर गाय 16 लिटर देते. एक प्रयोगशाळा तिची बीजं (अंडी) काढून, त्यांचे भ्रूण वाढवून गोठ्यातल्या 10 संकरित गाईंत ठेवायला तयार आहे. दर दोन आहेत: ठेवलेल्या भ्रूणामागे 9,000 किंवा पक्क्या गाभणीमागे 22,000. पैसे घालू का?

भाऊ, घाला. पण दुसऱ्या दराने, आणि 10 गाईंवर नको.

10 भ्रूण ठेवले की गाभण टिकतात साधारण 3-4. म्हणजे 9,000 चा स्वस्त वाटणारा दर गाभणीमागे 22,500 ते 30,000 पडतो, आणि अपयशाचा बोजा तुमच्या डोक्यावर. उरलेल्या 6-7 गाई रिकाम्या दाव्याला बांधलेल्या, ढेप-चारा मात्र चालूच. एकीचे रोजचे 150 धरा. हाताने तपासून दोन महिन्यांनी कळण्याऐवजी तिसाव्या दिवशी सोनोग्राफी करून घेतलीत, तर 6 गाईंमागे 27,000 वाचतात. ही अट आधी लिहून घ्या.

वहिनींना गाईची काळजी वाटते असं लिहिलंय. बीजं काढताना शेपटीच्या मुळाशी भूल देतात, योनीतून सोनोग्राफीचा प्रोब घालून पडद्यावर अंडाशय बघतात आणि बारीक सुईने फॉलिकलमधलं (बीज वाढतं त्या फोडातलं) पाणी बीजासकट ओढून घेतात. अनुभवी हात असेल तर गाय सगळं आटोपल्यावर लगेच गव्हाणीत तोंड घालते. फक्त एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात हे नको, बीजांचा दर्जा घसरतो. दिवाळीनंतर करा.

खरं बिल प्रयोगशाळेचं नाहीच. कालवड व्यायला साडेतीन वर्षं लागली आणि रोजचे 60 रुपये धरले, तरी एकीवर 76,000 च्या वर जातात. चार कालवडी म्हणजे तीन लाख, आणि दूध त्यानंतर. तोवर केळीची टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचा हिशेब कशातून भागवणार? म्हणून पहिल्या फेरीला 6 गाई घ्या. दोन गाभणी टिकल्या तर 44,000. सेक्स्ड (कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेलं) वीर्य वापरायला सांगा, नाहीतर निम्मे गोऱ्हे होतील.

आता 16 लिटर. हे कितव्या महिन्यातलं? व्यायल्यावर दुसऱ्या महिन्यातला, दूध भरात असतानाचा आकडा सगळेच सांगतात, मीही सांगितला असता. पूर्ण वेताची नोंद नसेल तर यंदा वहीत रोजचं दूध लिहा आणि बीजं पुढच्या वर्षी काढा. तोवर एखादी कालवड हवीच असेल, तर मार्च 2025 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये दूध संघ किंवा बँकेच्या कर्जावर जातिवंत आयव्हीएफ (अशाच प्रयोगशाळेतल्या भ्रूणापासून झालेली) कालवड घेणाऱ्याला व्याजात 3 टक्के सवलत ठेवली होती. ती अजून चालू आहे का, याची चौकशी पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यात करा.

आणि ‘पक्की गाभण’ म्हणजे कितव्या दिवसाची, हे करारात आकड्यात लिहून घ्या. मी 90 दिवसांच्या खाली सही करणार नाही.