बॅरल बदलल्यावर वेग का बदलतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: गन तीच, स्प्रिंग किंवा गॅस तोच, बदलली ती फक्त बॅरल, आणि तरीही क्रोनोवरचा (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा वेगळा. एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारणाऱ्या गनच्या खेळाच्या, चार प्रश्नांबरोबर दहा मीटर एअर रायफलचा एक प्रश्नही घेतला आहे, कारण मूळ शंका त्याच जातीची आहे.

प्रश्न: माझ्या एम4 प्रकारच्या इलेक्ट्रिक गनमध्ये 363 मिमी लांबीची, 6.08 मिमी व्यासाची बॅरल होती. ती काढून त्याच लांबीची 6.03ची घातली. वेग वाढेल असे सर्वांनी सांगितले होते. प्रत्यक्षात तो 340 एफपीएसवरून (फूट प्रति सेकंद) 315वर आला. बॅरल सदोष आहे का? (लेस्टर)

बहुधा नाही. चांगल्या बीबीचा (एअरसॉफ्टच्या गोळीचा) व्यास 5.95 मिमी धरला, तर 6.08च्या बॅरलमध्ये तिच्या भोवतीच्या मोकळ्या कड्याचे क्षेत्रफळ सुमारे 1.23 चौरस मिमी भरते आणि 6.03मध्ये ते 0.75पर्यंत उतरते. हवा निसटण्याची वाट एक तृतीयांशाहून अधिक अरुंद झाली असताना वेग थोडा तरी वाढायला हवा होता. तो घटला, याचा अर्थ हवा बॅरलमध्ये शिरण्यापूर्वीच कुठेतरी वाया जात आहे.

बॅरल बदलताना हॉप-अप चेंबर (बीबीला उलटी फिरकी देणारा भाग) उघडावे लागते आणि बकिंगचे, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकावरच्या नळीचे, रबर जुन्या बॅरलवरून काढून नव्या बॅरलवर चढवावे लागते. माझ्या मते आपल्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींचे मूळ बॅरलपेक्षा या एका कृतीतच अधिक वेळा सापडते. बकिंगच्या आतली उभी कड बॅरलच्या खाचेत नेमकी बसली नाही, तर रबराचे तोंड किंचित पिळले जाते आणि नोझल (सिलिंडरमधली हवा बॅरलमध्ये सोडणारी नळी) त्यावर एका बाजूनेच टेकते. हे तपासण्यासाठी मॅगझिन आणि बॅटरी काढा, चेंबर रिकामे असल्याची खात्री करा, नोझलच्या टोकाला मार्करच्या शाईचा पातळ थर लावा, गन जोडून पुन्हा उघडा आणि बकिंगचे तोंड उजेडात धरा. शाईचे पूर्ण वर्तुळ उमटले असेल तर बैठक ठीक आहे. अर्धचंद्र उमटला असेल तर दोष सापडला. बकिंग बॅरलवर सैल बसत असेल, तर तिच्याखाली टेफ्लॉन टेपचा एकच वेढा पुरतो. दुसरा वेढा दिला की रबर ताणून तोंडाचा आकार बदलतो, म्हणून तो मोह टाळा.

यानंतर सिलिंडर, सिलिंडर हेड, नोझल आणि पिस्टन एकत्र धरून नोझलचे तोंड बोटाने घट्ट दाबा आणि पिस्टन आत ढकला. तो दबून अडला पाहिजे. सुसकारा टाकत पुढे सरकला तर ओ-रिंग किंवा नोझल गळत आहे. शेवटी जुनी बॅरल जुन्या बकिंगसह परत बसवा. 340 परत आले तर दोष नव्या जोडणीत आहे. न आल्यास उघडताना गनमध्येच काहीतरी हलले आहे. दोन्ही वेळी हॉप पूर्ण बंद ठेवून मोजा, कारण लावलेला हॉप स्वतःच वेग खातो आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही.

प्रश्न: माझ्याकडे 300 मिमी आणि 509 मिमी अशा दोन बॅरल आहेत, दोन्ही 6.05च्या. लांब बॅरलने वेग कमी येतो. हे उलटे कसे? (न्यू जर्सी)

इलेक्ट्रिक गनमध्ये पिस्टन प्रत्येक वेळी ठरावीक हवाच ढकलतो. तुमच्या छोट्या बॅरलच्या पोकळीचे आकारमान सुमारे 8.6 घन सेंमी आहे आणि लांब बॅरलचे 14.6. छोट्या बॅरलच्या गनमध्ये पुष्कळदा छिद्राचा सिलिंडर येतो. पिस्टन त्या छिद्राच्या पुढे जाईपर्यंत दाब तयारच होत नाही, म्हणजे उपयोगी हवा कमी असते. ती हवा बीबी तोंडाशी पोहोचण्यापूर्वी संपली, तर उरलेल्या अंतरात घर्षण आणि बीबीच्या मागे घटलेला दाब मिळून तिला मागे ओढतात.

सिलिंडरचा आतला व्यास मोजा, छिद्राच्या पुढच्या कडेपासून हेडपर्यंतचे अंतर मोजा आणि आकारमान काढा. ते बॅरलच्या आकारमानाच्या पावणेदोन ते दोन पट असावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. बीबी जड असेल तर ती बॅरलमध्ये अधिक काळ राहते, म्हणून गुणोत्तर थोडे वरच ठेवावे. लांब बॅरलच वापरायची असेल तर बिनछिद्राचा सिलिंडर घ्या. केवळ नेमबाजी सुधारावी म्हणून ती घेतली असेल, तर मात्र तो पैसा चांगल्या बकिंगवर आणि चांगल्या बीबीवर घालावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न: नव्या बॅरलमध्ये सरासरी वेग तोच आहे, पण दहा गोळ्यांत कमाल आणि किमान यांत 30 एफपीएसचा फरक पडतो.

तुम्ही सरासरीबरोबर फरकही मोजलात, हे फार चांगले केले. सगळे आकडे एकदम आणि सारखेच खाली आले, तर कारण सहसा आकारमानात किंवा स्प्रिंगमध्ये असते. आकडे विखुरले, तर कारण गळतीत, घाणीत किंवा बीबीच्या असमान आकारात असते. कोरड्या मायक्रोफायबर कापडाची पट्टी क्लीनिंग रॉडवर गुंडाळून बॅरल पुसा आणि पट्टी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. सिलिकॉन तेल बकिंगच्या आत गेले असेल तर तेही पुसून काढा. त्यानंतरही फरक राहिला, तर बीबीचा दुसरा, चांगल्या प्रतीचा संच वापरून पुन्हा दहा गोळ्या मोजा.

प्रश्न: माझ्या गॅस रायफलमध्ये लांब बॅरल घातली. 0.20 ग्रॅमच्या बीबीने 345 एफपीएस येतात, म्हणून निश्चिंत होतो. पण मैदानावर 0.32 ग्रॅमने 307 आले आणि मला खेळू दिले नाही. (मँचेस्टर)

मैदानाचा निर्णय योग्य होता. 0.20 ग्रॅमला 345 एफपीएस म्हणजे 1.1 ज्यूल, 0.32 ग्रॅमला 307 म्हणजे 1.4 ज्यूल. ब्रिटनमध्ये 2017च्या कायद्यानुसार ऑटोमॅटिक मारा करू शकणाऱ्या एअरसॉफ्ट गनसाठी 1.3 ज्यूल आणि एकेक गोळी सोडणाऱ्या गनसाठी 2.5 ज्यूल ही मर्यादा आहे. गॅस गनमध्ये व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत गॅस ढकलतच राहतो. जड बीबी सावकाश सरकते, बॅरलही लांब आहे, त्यामुळे तिला धक्का अधिक काळ मिळतो आणि ऊर्जा वाढते. म्हणून खेळात जी बीबी वापरणार तिनेच मोजा, आणि ज्यूलमध्ये मोजा. उपाय दोनच आहेत: आखूड बॅरल परत घालणे, किंवा गॅसचा प्रवाह कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणे.

दोन बॅरलची तुलना एकाच दिवशी, एकाच तापमानाला करा. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन, आणि 20 अंश सेल्सिअसवरून शून्यावर आल्यास त्याचा दाब जवळजवळ निम्मा होतो. हिवाळ्यात मर्यादेत असलेली गन उन्हाळ्यात मर्यादेबाहेर जाते आणि समोरच्या खेळाडूला त्याची किंमत मोजावी लागते.

प्रश्न: माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. क्लबच्या दोन एकसारख्या रायफलींच्या वेगात सेकंदाला 3 मीटरचा फरक दिसतो. कमी वेगाची रायफल नाकारावी का? (कोल्हापूर)

केवळ एवढ्यावरून नाकारू नका. सेकंदाला 170 मीटर वेगाचा पेलेट (एअर रायफलची शिशाची गोळी) दहा मीटरवर सुमारे 17 मिमी खाली उतरतो. वेग 3 मीटरने घटला तर आणखी साधारण 0.6 मिमी. हा फरक कायमचा असेल तर साइटच्या काही क्लिकमध्ये तो भरून निघतो. तोच फरक एकाच रायफलीत एका शॉटपासून दुसऱ्यापर्यंत पडत असेल, तर प्रश्न गंभीर आहे, कारण दशांश गुणांकनात 0.25 मिमीला 0.1 गुण जातो आणि 0.6 मिमी म्हणजे दोन दशांशांहून अधिक. पदक अनेकदा याहून कमी फरकाने हुकते, आणि मुलगी मात्र स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसते. हे मला फार खटकते.

म्हणून दोन्ही रायफलींनी, एकाच डब्यातील पेलेटने, प्रत्येकी वीस शॉट क्रोनोवर मोजा. विखुरलेपणा अधिक असलेल्या रायफलीची बॅरल फेल्टच्या गोळ्यांनी साफ करून पुन्हा मोजा. फरक टिकला, तर रायफलीचा हवेचा सिलिंडर भरलेला असताना आणि दाब उतरल्यावर असे दोनदा मोजा. आकडे दाबाबरोबर सरकत असतील तर रेग्युलेटर (हवेचा दाब स्थिर ठेवणारा भाग) दुरुस्तीला द्यावा, आणि ते काम अधिकृत दुरुस्तीकारानेच करावे. आकडे सरकत नसतील, तर 4.49 आणि 4.50 मिमी डोक्याचे पेलेट आळीपाळीने वापरून, रायफल स्टँडवर घट्ट बसवून गट, म्हणजे छिद्रे किती जवळ पडतात ते, पाहा. एकाच मॉडेलच्या दोन बॅरलना वेगवेगळे डोके मानवते, आणि जे डोके कागदावर लहान गट देते तेच त्या रायफलीचे, मग त्याचा वेग दुसऱ्यापेक्षा कमी का असेना.