हार्ट व्हॉल्व्ह खराब असताना कॅन्सर निघाला तर आयुष्य किती कमी होतं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वडिलांचं वय ७४, एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून शरीराकडे रक्त जाताना लागणारी झडप) खूप अरुंद आणि आता आतड्याचा कॅन्सर, म्हणजे आधी कशाकडे बघायचं हाच खरा प्रश्न आहे. माझ्या काकांचं सेम झालेलं. रोज पर्वती चढणारा माणूस, पण नंतर कोथरूडच्या घराचे दोन जिने चढताना मधल्या लँडिंगवर पिशवी ठेवून उभे राहायचे, आणि घरचे सगळे म्हणत होते की कॅन्सरमुळे अशक्तपणा आलाय, पण टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर कळलं की व्हॉल्व्हच होता.

कॅन्सर आहे म्हणून व्हॉल्व्हचं राहू द्या असं कोणी म्हटलं तर लगेच मान हलवू नका. अरुंद व्हॉल्व्हमुळे दम, चक्कर, छातीत दुखणं सुरू झालं आणि उपचार केले नाहीत तर साधारण अर्धे पेशंट २ वर्षंच काढतात, बरेचसे कॅन्सर त्यापेक्षा हळू चालतात. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून व्हॉल्व्ह बसवतात ती टावी (पहिली २००२ साली फ्रान्समध्ये झाली) केली, तर सुरुवातीचे महिने कॅन्सरवाल्यांचे इतरांसारखेच जातात. पुढे फरक पडतो, तो मुख्यतः कॅन्सरमुळेच, आणि स्टेजवर बरंच अवलंबून असतं. कॅन्सर खूप पसरलेला असेल, वर्षभरही हातात नसेल, तर मात्र डॉक्टर सहसा नको म्हणतात.

टावीऐवजी मेटलचा व्हॉल्व्ह बसवला तर वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) जन्मभर, त्यात केमोने प्लेटलेट पडल्या की रक्तस्रावाची भीती, हे आधीच विचारा. आणि कार्डिओलॉजिस्ट-ऑन्कोलॉजिस्टना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, आम्ही दोन महिने नुसत्या फायली इकडून तिकडे नेत होतो.