थट्टेकाडच्या जंगलातला लाल पोटाचा पक्षी कोणता?

केरळमधल्या थट्टेकाडहून नाशिकला परतल्यावर हा पक्षी कोणता, असं विचारत तुम्ही टाकलेले तिन्ही फोटो उजेडाविरुद्ध, अंधुक आहेत. तरी हा मलबार ट्रोगन म्हणजे कर्णा, तोही नर.

रंगावर एकदम विसंबू नका. दाट पानांखाली सगळ्यावर हिरवट छटा येते. आधी आकार बघा. दुसऱ्या फोटोत पक्षी ताठ बसलाय, मान आखूड, शेपूट लांब आणि टोकाला सरळ कापल्यासारखं. आता मूळ फाइल घ्या (व्हॉट्सअॅपवरून आलेली नको), फोटो एडिटिंग अॅपमध्ये एक्स्पोजर (एकूण उजेड) दीड-दोन स्टॉप वाढवा, शॅडोज (गडद भाग) उजळा. काळी छाती आणि लाल पोट यांच्यामध्ये पांढरी पट्टी उठून दिसेल. मादीचं डोकं तपकिरी, पोट पिवळसर नारिंगी. शार्पनिंग (कडा ठळक करणं) मात्र टाळा, नसलेली पिसं उगवतात!

निखार (मिनिव्हेट, हाही लाल-काळा पक्षी) वाटला असेल, पण तो बुलबुलाएवढा, सतत हलणारा, पंखावर लाल ठिपका असलेला. कर्णा साधारण ३१ सेंमी आणि बराच वेळ निश्चल बसणारा.

पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन अॅपमध्ये ठिकाण थट्टेकाडच टाका, तारीखही तिथलीच. घरी बसून नाशिक राहिलं, की अॅप इथलेच पक्षी सुचवत बसतं.