सगळ्याच कामांना प्रकल्प म्हणावे का?

प्रश्न : आमच्या हळद प्रक्रिया संस्थेत प्रत्येक कामाला ‘प्रकल्प’ म्हणतात. मग प्रोग्रॅम आणि पोर्टफोलिओ म्हणजे काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट प्रकल्पाला तात्पुरता उपक्रम मानते, त्यामुळे हळद पॉलिश करण्याचे नवे यंत्र बसवणे हा प्रकल्प, रोजचे दळण नव्हे. गोदामाचे बांधकाम रखडल्यामुळे तेच यंत्र ताडपत्रीखाली पडून राहणार असेल, तर अशी परस्परावलंबी कामे एकत्र सांभाळणे म्हणजे प्रोग्रॅम. पोर्टफोलिओचा, म्हणजे संस्थेच्या सर्व प्रकल्प-प्रोग्रॅमच्या एकत्रित संचाचा, प्रश्न निराळा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित : बेदाण्याचे शीतगृह, सौरऊर्जा आणि हळद यांपैकी मर्यादित पैसा कशावर लावायचा व कोणते काम थांबवायचे, हे संचालक मंडळाने ठरवायचे असते, व्यवस्थापकाने नव्हे.